उन्हाला नेलेलं घर

एप्रिल लागला की मी घरभर नाकानं फिरते. कपाट उघडायचं, डोकं आत घालायचं, श्वास घ्यायचा आणि तोंड वाकडं करायचं. माझे यजमान म्हणतात, "दरवर्षी तोच तर वास येतो, नवीन काय शोधतेस?" ते इथलेच, रत्नागिरीकडचे, खाऱ्या वाऱ्यात वाढलेले. त्यांना तो वास कळतच नाही. मला कळतो. लग्न होऊन एवढी वर्षं झाली, मुलं शिकायला बाहेर गेली, तरी कळतो. पाकिटाच्या चामड्यावर हिरवी लव, पुस्तकांच्या कडांना तपकिरी ठिपके, हिंगाच्या डबीचं झाकण गंजून बसलेलं, आणि लग्नातल्या पांढऱ्या साडीच्या काठाशी चहा सांडल्यासारखे डाग. मीठ वाटीत काढून ठेवलं तर दुपारपर्यंत त्याचं पाणी होतं. खिडकीतून समुद्र दिसतो म्हणून पाहुण्यांना आमचा हेवा वाटतो. त्यांनी जुलैत यावं आणि आमच्या उशीवर एकदा डोकं ठेवून बघावं.

इथल्या बायका या दिवसांत घर साफ करायला काढतात. कपाटांत चुन्याच्या वाट्या ठेवतात, कोपऱ्यात बल्ब जाळत ठेवतात, भिंतींवरची काळी नक्षी व्हिनेगरच्या पाण्यानं पुसून काढतात. मीही हे सगळं केलं. मन लावून केलं. पण मी आलापल्लीची. ऊन लागल्याशिवाय घर स्वच्छ झालं हे माझं मन कबूलच करत नाही. म्हणून मी जे करते त्याला सगळी सोसायटी हसते. मी शिकवते त्या शाळेची वार्षिक परीक्षा संपली की मी अर्धं घर पेट्यांमध्ये भरते आणि उन्हाला घेऊन जाते. लोक माहेरी काजू नेतात, आंबे नेतात. मी बुरशी नेते.

याला सुरुवात आईनंच केली. लग्नानंतर पहिल्यांदा उन्हाळ्यात गेले तेव्हा तिनं माझी पेटी उघडली आणि मागे सरकली.

"हे काय गं बेबी? घरात पूर आला होता काय?"

"नाही गं. तिकडची हवाच तशी असते."

"हवा अशी राह्यते?" तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मला सासरी उपाशी ठेवलंय. मग एकेक कपडा उचलून अंगणात नेला. दोरी भरली, कुंपण भरलं, बाज भरली. "पडू दे इथी. आमचं ऊन काय फुकटच जाऊन राह्यलं नाई तं." पुढच्या वर्षी तिनं फोनवरच बजावलं, "रजया घेऊन येजो. पुस्तकं घेऊन येजो. जे वास मारते ते सारं आणजो." तेव्हापासून हा रिवाज पडला.

आमचं घर म्हणजे दोन खोल्या, पडवी, वर कवेलू म्हणजे कौलं, आणि त्या सगळ्याहून मोठं अंगण. मागे सागाचं जंगल. साग मोठा मानी वाटतो, पण ऐन उन्हाळ्यात तो अंगावर एक पान ठेवत नाही, त्यामुळे सावलीच्या नावानं शंख. ऊन थेट खाली येतं. दहा वाजले की रस्ता ओस, कुत्री नालीत, माणसं दाराआड. डोक्याला दुपट्टा बांधल्याशिवाय अंगणात पाय टाकायची सोय नाही. त्या उन्हात माझं कोकणातलं घर पसरलेलं असायचं. एका बाजूला रजया, एका बाजूला लोकरीचे कपडे, मुलांची जुनी दप्तरं, मसाल्याचे डबे तोंडं उघडून बसलेले. पुस्तकं बाजेवर. ती बाबांच्या ताब्यात असायची. बाबा लाकडाच्या डेपोत नोकरीला होते. निवृत्त झाल्यावर त्यांना राखण करायला काहीतरी लागायचंच. ते पडवीच्या कडेला बसून काठीनं पुस्तकांची पानं उलटत राहायचे आणि मध्येच एखादं उचलून वाचत बसायचे. "हे पुस्तक वाळलं काय?" आई विचारायची. "थांब, अर्धं झालं," ते म्हणायचे. मला अजून वाटतं, माझ्या घरातल्या पुस्तकांना बाबांच्या काठीचा वास असेल. बाबा जाऊन आता काही वर्षं झाली.

आईचं एक शास्त्र होतं. उन्हातून आणलेला कपडा लगेच घडी करून पेटीत टाकायचा नाही. आधी पडवीत सावलीला ठेवायचा. "गरम घडी घातली की त्याले आतमंधी घाम येते," ती म्हणायची. कपडा पुरता निवला की मग त्यात कडुलिंबाचा पाला घालून घडी. माझ्या घाईच्या स्वभावाला ते मानवायचं नाही. मी चिडायचे. ती म्हणायची, "तू बी थोडी सावलीत बस, तुले बी निवाले पाह्यजे."

पलीकडच्या घरात नजमाचाची. त्यांच्या मालकांचं फर्निचरचं दुकान, सागाच्या भुश्शाचा वास त्यांच्या दारापासून आमच्या दारापर्यंत. मी रिक्षातून पेट्या उतरवू लागले की कुंपणावरून चाचीचं डोकं वर. "आली का गं तुझी समुंदरची बारात?" आणि लगेच उतरवायला हजर. पेटीत काय काय आहे ते तीच आधी बघायची, नाकाला ओढणी लावून, मोठ्या कौतुकानं.

एका वर्षीची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्या वर्षी मी जरा लवकर गेले होते. मोह गळायचा पुरता संपला नव्हता. आई आणि चाची पहाटे टोपल्या घेऊन जंगलात जायच्या आणि वेचलेली फुलं आमच्याच अंगणात वाळत घालायच्या. अर्ध्या अंगणात मोहफुलं, अर्ध्यात माझ्या रजया. हद्द आईनं काठीनं आखून दिलेली. दुपारी अचानक ढग आले, वारा सुटला आणि टपोरे थेंब पडायला लागले. मी ओरडले, "आई, रजया!" आई धावली. धावली ती मोहाकडे. आणि अंगणभरची अर्धीकच्ची फुलं गोळा करायला हाताशी जे सापडलं त्यात तिनं ती भरली. हाताशी माझ्या रजया होत्या. दोघी म्हाताऱ्यांनी मोहाची गाठोडी बांधून फरफटत पडवीत आणली, आणि पाऊस जेमतेम अंगण शिंपडून निघून गेला.

"अगं आई, काय केलंस हे?"

"मोह भिजला असता ना." तिला प्रश्नच कळला नाही.

"वास जाते उन्हात," चाचीनं दिलासा दिला. नाही गेला. रजया तो वास घेऊन रत्नागिरीला आल्या. सासूबाई तेव्हा होत्या. पहिल्याच रात्री रजई नाकाशी नेऊन त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "काय गो, तुझ्या माहेरी दारू गाळतात की काय?" मी घाम पुसत मोहाची थोरवी सांगितली, लाडू सांगितले, भाकरी सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि सकाळी म्हणाल्या, "झोप मात्र छान लागली हो." पुढे ती रजई त्यांनी कुणाला दिली नाही.

अशी वर्षं गेली. मग एका मे महिन्यात, मी पेट्या घेऊन परतल्यावर, चाचीचा फोन आला. आई न्हाणीत घसरून पडली, उजवं मनगट मोडलं. मी मिळेल ती गाडी पकडली. मी पोचेपर्यंत हाताला प्लास्टर घालून झालं होतं, आणि आई डाव्या हातानं चहा गाळत होती. "एवढं काही नाई झालं," ती म्हणाली. पण मी घाबरले ती घाबरलेच. ती एकटी, बाबा नाहीत, मी राज्याच्या दुसऱ्या टोकाला. पुन्हा पडली तर? रात्री पडली तर? मी कुणाचं ऐकलं नाही. पावसाळ्याच्या आधी घराला कुलूप लावलं आणि तिला घेऊन आले.

तिनं नाही म्हटलं नाही. ती नाही म्हणणाऱ्यातली नव्हेच.

आणि मग तो पावसाळा. आमच्या फ्लॅटमध्ये ऊन येतं तेही पाहुण्यासारखं, गॅलरीच्या कोपऱ्यात जरा टेकतं आणि निघतं. पावसाळ्यात तर तेही नाही. आई खुर्ची घेऊन त्या कोपऱ्याची वाट बघत बसायची. गणपती झाले, ऊन यायला लागलं, तशी ती उन्हाबरोबर खुर्ची सरकवायची, भिंतीपर्यंत, आणि भिंतीला टेकली की उठायची. तिच्या सुती साड्या धुतल्यावर दिवसच्या दिवस पंख्याखाली लोंबकळायच्या. ती त्या गालाला लावून पाहायची आणि पुन्हा दोरीवर टाकायची. एकदा तिचं अंथरूण झटकताना मला उशीखाली एक घडी केलेली साडी सापडली. ओलसर. अंगाच्या उबेनं रात्रभरात वाळेल म्हणून तिनं ती घातली होती. मला काय वाटलं ते सांगता यायचं नाही. मी ती इस्त्रीखाली घालून कडक केली आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटली.

खोकला लागला तिला. काढे झाले, औषधं झाली, खोकला काही हलेना. मी विचारायचे, "आई, बरं वाटतं ना इथं?"

"बरं हाय ना. तू हायस, जावईबापू हायत, समुद्र हाय." मग थोड्या वेळानं, "आवाज लय करते फक्त."

वैशाखी पौर्णिमेला नेसायची तिची पांढरी साडी बाबांनी घेतलेली. एक दिवस तिच्या घडीवर काळे ठिपके दिसले. त्यानंतर ती रोज ती साडी काढून कोरड्या फडक्यानं पुसायची, एखाद्या आजारी माणसाचं अंग पुसावं तशी. मी रागावले. "राहू दे गं. एप्रिलमध्ये नेऊ ना उन्हाला." तेव्हापासून ती कॅलेंडरजवळ उभी राहायला लागली. "एप्रिल कधी लागते बेबी?" मला वाटायचं, साडीची काळजी करतेय.

गेल्या वर्षी एप्रिल लागला. परीक्षा संपल्या, आम्ही दोघी निघालो. परतीची तिकिटं मी दोघींची काढून ठेवली होती, आणि ते मी तिला सांगितलंही होतं. तिला पुन्हा एकटं ठेवायचं नाही, हे माझं ठरलेलं होतं. बल्लारपूरला उतरलो तर फलाटावर ती गरम झळ. मी झटकन तोंडावर ओढणी घेतली. आईनं डोक्यावरचा पदर खाली घेतला, मान वर केली आणि दीर्घ श्वास घेतला. "आता लागली हवा," म्हणाली. एसटीच्या खिडकीत ती सगळ्या वाटेनं तशीच तोंड बाहेर काढून बसली. आष्टीच्या पुढे सागाची उघडी झाडं सुरू झाली तशी ती काहीतरी पुटपुटत होती. मी कान दिला. झाडांची नावं घेत होती.

वर्षभराचं बंद घर उघडलं तेव्हा चाची आमच्या आधी आत शिरली. खांबावर वाळवीची माती चढलेली, कवेलूंमध्ये खारीनं घरटं केलेलं, चुलीपाशी कोळ्यांनी संसार मांडलेला. पौर्णिमा तोंडावर आलेली. म्हणजे दोन घरं एकदम काढायची, कोकणातलं आणि इथलं. आईचं मनगट अजून दुखायचं. तिनं फडा डाव्या हातात धरला. आधी नीट जमेना, कचरा जायचा एकीकडे आणि ती दुसरीकडे. पण तिसऱ्या खेपेला तिचा हात बसला. खांबावरची वाळवी मी खरवडली, तिनं जळकं ऑइल लावलं. पांढरी माती आणायला चाची गेली आणि भिंती सारवताना आमच्या तिघींचे हात कोपरापर्यंत पांढरे झाले. वाटलं, या घराला पण एवढे दिवस श्वास घेता येत नव्हता.

आणि आईचा खोकला. तो कधी थांबला हे माझ्या लक्षातच आलं नाही. एका दुपारी पडवीत सगळं इतकं शांत होतं की मी दचकून तिच्याकडे पाहिलं. ती बाजेवर आडवी होती, तोंड उघडं, गाढ झोपलेली. छाती सुरळीत वरखाली होत होती. मला रडू आलं, आनंदानं की भीतीनं कोण जाणे. कारण त्याच क्षणी मला कळलं होतं की माझ्याजवळच्या तिकिटांचं काही खरं नाही. पण कळणं वेगळं आणि ऐकणं वेगळं.

चाचीनं एकदा कुंपणावरूनच तिला विचारलं, "बहन, वापस जाणार काय?"

"बेबी म्हणते तं जावं लागन."

"आन् मी काय मेली इथी? रोज सकाळी आवाज देते ना तुले. मनगट मोडलं तवा कोण धावलं?"

आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. मी रजया उलटायला लागले. मला चाचीचा राग आला. तिचं बरोबर होतं म्हणून जास्तच आला. शेजारीण आवाज देईल, पण रात्री काही झालं तर? तिकडे मी झोपेत दचकून उठेन त्याचं काय?

पौर्णिमा झाली. आईची पांढरी साडी उन्हानं चांगली तापून, सावलीत निवून, डागांसकट तिच्या अंगावर आली. मेणबत्त्या लावल्या, बुद्धवंदना झाली, खीर वाटली. सगळ्या घराला नव्या मातीचा ओला गोड वास येत होता. दुसऱ्या दिवशी मी सामान बांधायला घेतलं. माझं सगळं आईनं घडी करून ठेवलेलं, पाला घालून, पेट्यांत एकावर एक. तिच्या साड्या मात्र दोरीवर तशाच.

"आई, तुझे कपडे काढ ना. पेटी बंद करायचीय."

"वाळले नाई अजून."

मी हसले. दुपारी पुन्हा म्हटलं. तिनं मान न वळवता तेच सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी विचारलं, तरी तेच. आलापल्लीच्या मे महिन्यात. जिथे घडा रिकामा करून पालथा घातला तर पाणी पुसायची गरज पडत नाही. माझा पारा चढला.

"अगं, चहा पिऊन होईपर्यंत इथं साडी वाळते. काय बोलतेस?"

"माझे जाड हायत," ती म्हणाली. दोरीवर व्हायलच्या साड्या वाऱ्यानं उडत होत्या, आरपार जंगल दिसत होतं.

संध्याकाळी ती चाचीकडे गेली तेव्हा मी सगळ्या साड्या काढल्या, घडी केल्या आणि तिच्या पिशवीत भरून चेन लावली. ती आली, तिनं रिकामी दोरी पाहिली. थोडा वेळ दोरीला हात लावून उभी राहिली आणि आत जाऊन भाकरी थापायला बसली.

सकाळची एसटी होती. मी उठले तर अंगण झाडून झालेलं होतं. सडा पडलेला. आई केस विंचरून, चांगली साडी नेसून बाजेवर बसली होती, पिशवी मांडीवर घेऊन, शाळेत पहिल्या दिवशी नेऊन सोडलेल्या पोरीसारखी. मला पाहून उठली.

"चाल मंग," ती म्हणाली. "गाडी सुटन."

मी म्हटलं, "आई, तुला यायचंय ना?"

तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. दुखऱ्या मनगटात घेतली आणि परत बदलली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तू लय भेतेस ना माझ्यासाठी. रात्री उठून माझा श्वास पाह्यतेस. मले समजते ते. म्हणून येऊन राह्यली मी. तुले झोप लागली पाह्यजे."

मी तिच्या हातातली पिशवी घेतली. खाली बसले आणि चेन उघडली. पहिली साडी काढली, झटकली आणि दोरीवर टाकली. मग दुसरी. सूर्य नुकता सागाच्या शेंड्यांवर आला होता आणि साड्या हातालाही कडकडीत लागत होत्या. माझे डोळे भरून आल्यामुळे चिमटे नीट लागत नव्हते. आई येऊन शेजारी उभी राहिली आणि डाव्या हातानं एकेक चिमटा मला देऊ लागली.

"ओल्या आहेत गं अजून," मी म्हटलं. "वाळू दे त्यांना."

"तेच तं सांगून राह्यली होती मी तुले," आई म्हणाली.